कोपऱ्यातलं मोरपंखी

माझा थोरला भाऊ लोकांचे चेहरे धुतो. म्हणजे त्याचा फोटो स्टुडिओ आहे आणि तो ओळखपत्राचे फोटो काढतो. समोर बसलेला माणूस सावळा असो, तांबूस असो, नाहीतर रात्रपाळी करून पिवळा पडलेला असो, दादाच्या हातून सुटतो तेव्हा त्याचं तोंड उकडलेल्या बटाट्यासारखं झालेलं असतं आणि मागची भिंत पांढरीशुभ्र. तीस वर्षं त्याने हेच केलं. मग त्याला आकाशाचा नाद लागला, आणि त्याने आकाशालाही ओळखपत्राला बसवलं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी त्याच्या स्टुडिओच्या माडीवर खगोल मंडळ भरतं. आठ-नऊ पुरुष येतात. सगळे त्याला सर म्हणतात. वासरांत लंगडी गाय शहाणी, त्यातला प्रकार. मी जायचे ती प्रोजेक्टर लावायला आणि चहा करायला, कारण दादाच्या मते बाईमाणसाला एवढं जमायला हरकत नाही.

या लोकांचा उद्योग काय, ते आधी सांगते. तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांमधला वायूचा ढग, त्याचा फोटो एका खटक्यात निघत नाही. दुर्बिणीला कॅमेरा लावून ठेवायचा, तो पाच-पाच मिनिटांच्या फ्रेम काढत राहतो. अशा शेकडो फ्रेम संगणकात एकावर एक रचल्या की जे हाती येतं ते जवळजवळ काळं असतं. रंग आत गाडलेले असतात. ते वर काढायचे, शहराच्या दिव्यांचा उजेड वजा करायचा आणि रंगांचा तोल सांभाळायचा. याला हे प्रोसेसिंग म्हणतात. इथे ज्याच्या हाती ससा तो पारधी. मंडळातले पशुवैद्य तेजोमेघ इतका लाल करतात की ऑपरेशन अर्धं टाकून आलेत असं वाटावं. बँकेतले एक आहेत, त्यांना सगळं सोनेरी लागतं. आणि दादाचा एकच मंत्र, आकाशात हिरवं नसतं. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हिरवा रंग काढून टाकायचं एक बटण आहे. ते तो दाबतो, आणि मग श्रोत्यांकडे वळून हसतो.

आता मला यातलं काय कळतं? मी दात करते. डेंटल लॅबमध्ये चिनी मातीचे खोटे दात बनवते, बावीस वर्षं. डॉक्टर तोंडाचा साचा आणि रंगाचा नंबर पाठवतात, आणि मला शेजारच्या खऱ्या दातात मिसळून जाईल असा दात करायचा असतो. पांढरा म्हणून एकही दात आजवर मी पाहिलेला नाही. मुळाशी मधाळ, मध्ये राखाडी, टोकाला निळसर, कडेला कधी चक्क हिरवट. नमुन्याच्या पट्टीवर पाच सेकंद बघायचं, मग नजर दुसरीकडे न्यायची, कारण सहाव्या सेकंदाला डोळा आपल्याला हवं ते बघायला लागतो. नळीच्या दिव्याखाली बघायचं नाही, खिडकीशी जायचं. हे मला कळतं. दादाला ते तीस वर्षांत कळलं नाही, आणि मी त्याला सांगायला गेले तर तो म्हणतो, "चिऊ, चहात साखर कमी आहे."

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या डब्यातून लोक त्याला शिव्या घालतात आणि तो बाहेरून म्हणतो, "हो साहेब, आलोच." घरीही तो तसाच. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. आमचा जावई ग्रह कसला, उपग्रह. दादाभोवती फिरत असतो आणि उजेडही त्याच्याचकडून घेतो. दादा त्याला सगळ्यांसमोर "जावईबापू" म्हणतो, ते अशा सुरात की लोक हसतात, आणि हाही हसतो. त्या हसण्याची मला चीड यायची. नवऱ्याची कीव येणं वाईट, पण चीड येणं त्याहून वाईट, कारण कीव निदान गप्प बसते.

तर आमच्या इमारतीच्या लिफ्टच्या मशीनखोलीवर गच्चीचा एक तुकडा आहे, तिथे त्याची दुर्बीण. संध्याकाळी लावून यायची, बाकी काम यंत्र करतं, हा खाली येऊन झोपतो. त्या हिवाळ्यात त्याने एकाच जागेच्या सातशे बत्तीस फ्रेम जमवल्या. एकसष्ट तास. जागा नेहमीचीच, लाल तेजोमेघ, मंडळात प्रत्येकाने काढलेला. पण याने तो मध्ये न घेता जरा बाजूला घेतला होता, कारण मध्ये घेतला तर शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी आड यायची. मोठमोठ्या गोष्टी माणसं कशामुळे करतात याचा हा नमुना.

एका सकाळी मी डबा भरत होते तेव्हा तो दोन कागद घेऊन आला.

"जरा बघतेस?"

कागदावर तारे होते, तेजोमेघाची लाल कड होती, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात एक फिकट कमान. मोरपंखी. अगदी पुसट, काचेवर श्वास सोडावा आणि तो विरत असताना दिसावा तेवढी. मी पाच सेकंद पाहिलं, नजर डब्याकडे नेली, परत पाहिलं. होती.

"दादा म्हणतील, समोरच्या औषधाच्या दुकानाची हिरवी पाटी आहे, तिचा उजेड दुर्बिणीच्या नळीत शिरला," तो म्हणाला. "पण हे बघ. अर्ध्या रात्रीनंतर तारे माथ्यावरून पलीकडे गेले की दुर्बीण पलटी खाते. कॅमेरा उलटा होतो. हा कागद पलटीच्या आधीचा, हा नंतरचा. पाटीचा उजेड असता तर दुसऱ्या कागदावर तो ताऱ्यांच्या पलीकडच्या कोपऱ्यात गेला असता. गेला नाही. दोन्हीकडे याच तीन ताऱ्यांना चिकटून आहे. म्हणजे ते आकाशातच आहे. आणि रंग ऑक्सिजनचा आहे, तो असाच दिसतो. मी सगळे नकाशे शोधले. इथे कुणीच काही दाखवलेलं नाही."

इतकं सलग बोलताना मी त्याला लग्नानंतर दोनदाच ऐकलं असेल. मुद्दा इतका सरळ होता की मलाही उभ्या उभ्या पटला. एखादी बाई म्हणाली असती, अरे, काय शोधलंस हे. मी डब्याचं झाकण लावलं आणि म्हटलं, "मला काय दाखवतोस? रविवारी ने तिकडे. बोल म्हणजे झालं."

"बोलतो," तो म्हणाला. कागदांच्या घड्या केल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवल्या.

रविवारी माडीवर नेहमीची मंडळी होती. पशुवैद्यांनी आपलं मांस दाखवलं, बँकेतल्यांनी सोनं. मग दादा म्हणाला, "जावईबापूंनी एकसष्ट तास घालवलेत. माणूस कामसू. पण पार्श्वभूमी बघा, कोपरा हिरवा पडलाय. नवशिक्यांची चूक. ही कशी साफ करायची ते आज शिकू."

नवऱ्याने रचलेली फाईल पेन ड्राइव्हवरून पडद्यावर आली. मी प्रोजेक्टरजवळ उभी होते. पडद्यावर ती कमान कागदापेक्षाही स्पष्ट होती. नऊ माणसं तिच्याकडे बघत होती आणि एकालाही ती दिसत नव्हती, कारण ती नसते असं सरांनी सांगितलं होतं.

साफ करण्याची रीत अशी. चित्रात जिथे काही नाही असं आपल्याला वाटतं, तिथे ठिपके ठेवत जायचं. संगणक त्या ठिपक्यांचा रंग मोजतो, तो रंग म्हणजे शहराची घाण असं धरून सगळ्या चित्रातून वजा करतो. ठिपके कुठे ठेवायचे ते माणूस ठरवतो. गोम तिथेच आहे. दादाने पहिला ठिपका ठेवला तो नेमका कमानीवर. दुसरा तिच्याच पाठीवर. तिसरा, चौथा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथे आंधळाच दळत होता आणि खातही तोच होता. एक खटका, आणि कमान अर्धी झाली. मग त्याने हिरव्याचं बटण दाबलं आणि उरलेली गेली.

"बघा," दादा म्हणाला, "ओळखपत्राच्या फोटोसारखं स्वच्छ."

टाळ्या पडल्या. पशुवैद्य म्हणाले, "वा सर."

दादा नवऱ्याकडे वळला. "काय जावईबापू, पटलं?"

मी त्याच्या खिशाकडे बघत होते. कागदाची कड वर दिसत होती. त्याचा हात तिथपर्यंत गेला, खिशावरून फिरला, आणि खाली आला.

"पटलं, दादा," तो म्हणाला. "दुकानाची पाटीच असणार."

मी कप गोळा केले. एक मुद्दाम आपटला.

घरी येईपर्यंत मी बोलले नाही. आल्यावर मात्र थांबले नाही. त्याच्या खिशातून ते कागद मीच काढले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. तो चप्पल काढत होता, एक पाय वर धरून तसाच उभा राहिला.

"मूग गिळायचे होते तर कशाला नेलेस?" मी म्हटलं. "एकसष्ट तास. त्याच्यासमोर एक वाक्य बोलवलं नाही तुला. माणसाच्या पाठीला कणा असतो, तुझ्या पाठीला नुसता शर्ट आहे."

"सगळ्यांसमोर त्यांना खोटं पाडायचं..."

"मग ठेवतोस कशाला ते सगळं? कुणाला दाखवणार आहेस? मला? हिंमत नाही ना, मग पुसून टाक. उगाच जागा अडवून बसलंय."

त्याने दुसऱ्या पायातली चप्पल काढली. मग संगणकाशी जाऊन बसला. मी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होते. सातशे बत्तीस फ्रेम निवडल्या गेल्या, पडदा निळा झाला. संगणकाने विचारलं, नक्की ना? त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. त्याने बटण दाबलं. मग संगणकातली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, रचलेली फाईलही गेली, पेन ड्राइव्हवरचीसुद्धा. हिरवी पट्टी हळूहळू भरत गेली आणि संपली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. या माणसाने एखादी गोष्ट पुरती केली, असं मला वाटलं.

दादाने साफ केलेलं चित्र मंडळाच्या प्रदर्शनात मध्यभागी लागलं. खाली ठळक अक्षरांत "प्रक्रिया" म्हणून त्याचं नाव आणि त्याच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत नवऱ्याचं. पुढे ते पशुवैद्यांच्या दवाखान्यात गेलं. तिथे कुत्री त्याच्याखाली बसून ओरडतात. ते चित्र पाहिलेल्यांमध्ये जाणकार तेवढीच.

अकरा महिन्यांनी पशुवैद्यांनी मंडळाच्या ग्रुपवर एक बातमी टाकली. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या कुठल्याशा देशातल्या दोन हौशी माणसांनी, त्यातला एक बस चालवतो, एका नेहमीच्या तेजोमेघाशेजारी ऑक्सिजनची कमान शोधली होती. मोठ्या वेधशाळेने तपासून खरी ठरवली होती. आजवर कशी दिसली नाही, तर लोक तिला शहराचा उजेड समजून पुसत आले, असं त्या बसवाल्याने म्हटलं होतं. सोबत चित्र होतं. मी लॅबमध्ये खिडकीशी उभी राहून ते पाहिलं. तेच तीन तारे. तोच रंग. मला पाच सेकंदही लागले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा घरी आला. बैल गेला आणि झोपा केला, पण तोरा असा की बैल याच्याच खिशात आहे. नवरा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून लिफ्टच्या दाराचं कुलूप खोलून बसला होता.

"जावईबापू, उठा," दादा म्हणाला. "आपल्याकडे होतं. अकरा महिने आधी. मी तेव्हाच म्हटलं होतं कोपऱ्यात काहीतरी आहे."

"तू म्हणाला होतास हिरवं पडलंय," मी म्हटलं.

"तेच ते. मी पत्र लिहून आणलंय वेधशाळेला." त्याने खिशातून कागद काढला. 'माझ्या मार्गदर्शनाखाली' हे शब्द पहिल्याच ओळीत होते. "फक्त मूळ फ्रेम जोडायच्या. त्यांच्यात तारीख आणि वेळ असते, ती कुणाला नाकारता येणार नाही. माझ्याकडे नाहीत, मी स्टुडिओत कच्चा माल ठेवत नाही. द्या."

नवऱ्याने हातातला स्क्रू वर्तमानपत्रावर ठेवला.

"नाहीत, दादा."

"नाहीत म्हणजे?"

"पुसल्या."

दादा खुर्चीवर बसला. मग उठला. "सगळ्या?"

"सगळ्या."

"कुणी सांगितलं पुसायला?"

मी ओट्याशी होते. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. जरासुद्धा नाही.

"मीच," तो म्हणाला. "जागा अडत होती."

मग दादा सुटला. अक्कल गहाण टाकली होती का, एवढी मोठी गोष्ट हातात आणि कचऱ्यासारखी फेकली, असल्या माणसाच्या हातात दुर्बीण म्हणजे गाढवाला गुळाची चव. कणा नाही म्हणाला. हिंमत नाही म्हणाला. शब्द त्याचे होते, पण सूर मी ओळखला. त्या सुरात या घरात रोज बोललं जायचं, आणि दादा तर महिन्यातून एकदाच यायचा.

"दादा, मी सांगितलं होतं," मी म्हटलं. "पुस म्हणून. मी उभी राहून पुसायला लावलं."

दादा थांबला. माझ्याकडे बघून हसला, बिल चुकवणाऱ्या गिऱ्हाईकाकडे बघून हसतो तसा.

"नवऱ्याला पाठीशी घालू नकोस, चिऊ. तुला यातलं काय कळतं?"

आणि त्याने आपलं पत्र घडी करून खिशात घातलं आणि गेला. जिना उतरताना पशुवैद्यांना फोनवर सांगत होता, जावयाच्या मूर्खपणापायी केवढं नुकसान झालं. म्हणजे दोष कुणाचा ते ठरलं होतं, आणि मला त्यात वाटा मिळायची सोय नव्हती.

मी नवऱ्यासमोर खाली बसले. त्याने कुलूप परत हातात घेतलं होतं, फडक्याने ग्रीस पुसत होता.

"माझं नाव का नाही सांगितलंस?"

"तू म्हणालीस म्हणून नाही पुसलं," तो म्हणाला.

"मग?"

"दादांचं मला काही वाटलं नव्हतं. त्यांना रंग दिसत नाही, मला माहीत आहे. मी तिथे गप्प बसलो ते त्यांच्यासाठी. म्हटलं, बसू दे त्यांना पुढे, माझ्याकडे आहे ना. कधीतरी देऊ पाठवून कुठेतरी." तो कुलपातली स्प्रिंग बोटाने दाबून बघत होता. "पण तुझा डोळा रंगाचा. तू ते कागद पाहिलेस आणि काहीच बोलली नाहीस. मग कचऱ्यात टाकलेस. तू पुस म्हणालीस, आणि बटण दाबण्याआधी मी वळून पाहिलं तुझ्याकडे. तरी तू गप्प. मग मला वाटलं, हिलाही दिसलेलं नाही. म्हणजे तिथे काही नसणार."

बावीस वर्षं डॉक्टर मला रंग विचारतात, आणि मी एका नजरेत सांगते. एकदाही खोटं सांगितलेलं नाही.

"मला दिसलं होतं," मी म्हटलं.

"कधी?"

"पहिल्याच दिवशी. डबा भरताना."

त्याने स्प्रिंग जागेवर बसवली. कुलूप लावून पाहिलं, उघडून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. असता तर मी उत्तर दिलं असतं, मला ते येतं.

"मग सांगायचंस ना," तो म्हणाला.